कुत्र्याच्या पिलाचा आहार

घरांत कुत्र्याचें पिलूं आलें, कीं त्याच्यापुढें काय ठेवावें याविषयीं घरांतील प्रत्येकाचें मत निराळें असतें. आजी दुधांत पोळी कुस्करून आणते, मुलें आपल्या हातांतलीं बिस्किटें पुढें करतात, शेजारचे गृहस्थ मटणाचीं हाडें सुचवितात, आणि ज्यानें पिलूं दिलें तो एखाद्या तयार खाद्याचें नांव सांगून मोकळा होतो. पिलूं मात्र कोणाचेंच मन मोडीत नाहीं. जें पुढें येईल तें तें खातें, आणि आणखी मागतें. घरच्या मंडळींस वाटतें, कीं तें आवडीनें खातें त्याअर्थीं तें त्यास मानवतच असलें पाहिजे. पिलाच्या संगोपनांतील बहुतेक चुकांचें मूळ याच एका अनुमानांत आहे.

ह्या चुका लहान वाटल्या तरी त्यांचे परिणाम लहान नसतात. कारण पिलाच्या वाढीचा वेग माणसाच्या मुलापेक्षां फार मोठा आहे. माणसाच्या मुलाचें जन्माच्या वेळचें वजन दुप्पट होण्यास सुमारें पांच महिने लागतात. कुत्र्याच्या पिलाचें तें आठ-दहा दिवसांतच दुप्पट होतें. मध्यम बांध्याचें पिलूं चार-पांच महिन्यांचें होतें न होतें, तोंच पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या निम्म्या वजनाच्या आसपास येऊन पोहोंचतें. म्हणजे माणसाच्या मुलाच्या बाबतींत जें घडावयास वर्षानुवर्षें लागतात, तें येथें कांहीं आठवड्यांत उरकावयाचें असतें. त्या आठवड्यांत हाडांस जें मिळालें नाहीं, तें पुढें कितीही ओतलें तरी पायाचा बांक सहसा सरळ होत नाहीं.

प्रथम पिलूं घरीं केव्हां आणावें हें पाहूं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिलें आईच्या दुधाबरोबर मऊ अन्न चाटूं लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुधावरून पूर्णपणें सुटतात. तोंपर्यंत त्यांस आईपासून दूर करूं नये. भारत सरकारनें २०१७ मध्यें केलेल्या श्वानप्रजनन व विक्री यांसंबंधींच्या नियमांनींही आठ आठवड्यांहून लहान पिलांची विक्री निषिद्ध ठरविली आहे. पिलूं घरीं आल्यावर पहिले तीन-चार दिवस तें जें अन्न खात होतें तेंच चालूं ठेवावें. घर नवें, माणसें नवीं, आई नाहीं. त्यांत अन्नही नवें झालें, तर पोट बिघडण्यास वेळ लागत नाहीं. नंतर सुमारें एक आठवडाभर जुनें अन्न थोडें थोडें कमी करीत नवें वाढवीत जावें.

आतां दुधाचा विचार करूं. कारण आपल्याकडे पिलूं म्हटलें कीं दुधाची बशी आलीच. कुत्रीच्या दुधांत सुमारें नऊ टक्के स्निग्धांश व सात-आठ टक्के प्रथिनें असतात, आणि दुग्धशर्करा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. गाईच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें त्याच्या निम्म्याहूनही कमी; दुग्धशर्करा मात्र पावणेपांच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अधिक. जें हवें तें कमी आणि जें नको तें जास्त, असा हा प्रकार आहे. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश पुष्कळ असला, तरी शर्करेची अडचण तेथेंही तशीच राहते. दुग्धशर्करा पचविणारा पाचकरस पिलूं दुधावरून सुटूं लागतांच कमी होत जातो. मग न पचलेली शर्करा आंतड्यांत आंबते आणि ढाळ होतात. कांहीं पिलांस थोडें दूध सोसतें, कांहींस मुळींच सोसत नाहीं. ताज्या दह्यांत व पनीरांत ही शर्करा कमी असल्यामुळें ते पदार्थ थोड्या प्रमाणांत अधिक मानवतात. पिलाचें खरें पेय म्हणजे स्वच्छ पाणी; तें त्याच्यापुढें दिवसरात्र असलें पाहिजे.

दूध आणि धान्य एवढ्यावर पिलूं वाढविलें तर काय होतें, याचा पुरावा विज्ञानाच्या इतिहासांतच नमूद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडमधील धुरकट औद्योगिक शहरांत मुडदूस हा रोग मुलांमध्यें फार माजला होता. त्याचें कारण शोधण्यासाठीं एडवर्ड मेलनबी यांनीं लंडन येथें कुत्र्यांच्या पिलांवर प्रयोग केले आणि १९१९ मध्यें ते प्रसिद्ध केले. घरांत कोंडून ठेवलेलीं व मुख्यतः धान्य आणि थोडें दूध यांवर पोसलेलीं पिलें कांहीं महिन्यांत मुडदुसानें वाकून गेलीं. ज्यांच्या अन्नांत कॉड माशाच्या यकृताचें तेल होतें तीं वांचलीं. पुढें १९२२ मध्यें अमेरिकेंत मॅक्कॉलम यांनीं त्या तेलांतील मुडदूस बरें करणारा घटक निराळा असल्याचें दाखविलें, आणि त्यास ड जीवनसत्त्व हें नांव मिळालें. लक्षावधि मुलांचे पाय सरळ राहिले, त्यांत त्या मुक्या पिलांचा वांटा आहे. असें असतां शंभर वर्षांनंतरही पुष्कळ घरीं पिलास नेमका त्याच प्रयोगांतला आहार मायेनें वाढला जातो, ही खेदाची गोष्ट होय. पिलूं गॅलरींतल्या उन्हांत बसतें म्हणून चिंता नाहीं, असेंही समजूं नये. माणसाची कातडी उन्हांत ड जीवनसत्त्व तयार करते. कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें तयार होत नाहीं. त्यास तें अन्नांतूनच मिळालें पाहिजे.

किती द्यावें हा यानंतरचा प्रश्न. जनावराचें वजन दुप्पट झालें म्हणजे त्याचें अन्न दुप्पट करावें, असें सकृद्दर्शनीं वाटतें; परंतु तसें नाहीं. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञांनीं १९३२ मध्यें दाखवून दिलें, कीं देहाची उष्णतेची गरज वजनापेक्षां मंद गतीनें वाढते. त्या धोरणानें पशुवैद्य जो हिशेब करतात, त्याप्रमाणें दोन किलो वजनाच्या कुत्र्यास केवळ स्वस्थ पडून राहण्यासाठीं दिवसाला सुमारें १२० उष्मांक लागतात, चार किलोच्या कुत्र्यास सुमारें २००, आणि आठ किलोच्या कुत्र्यास सुमारें ३३०. पिलूं चार महिन्यांचें होईपर्यंत ह्या आंकड्याच्या तिप्पट, आणि त्यानंतर वाढ पुरी होईपर्यंत साधारण दुप्पट अन्न धरावें. अर्थात् तीन महिन्यांच्या, चार किलो वजनाच्या पिलास रोज सुमारें ६०० उष्मांक हवेत. पिलांसाठीं तयार केलेल्या कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्यें बहुधा ३५० ते ४०० उष्मांक असतात. म्हणजे दिवसाचें खाद्य १५० ते १७० ग्रॅम झालें. चार वेळां दिल्यास एका वेळेस चाळीस ग्रॅम. घरोघरची वाटी निराळी असते. याकरितां स्वयंपाकघरांतल्या वजनकांट्यावर एकदां मोजून तेवढ्याची एक वाटी ठरवून टाकणें उत्तम. पाकिटावर छापलेलें कोष्टकही पाहावें. परंतु कोष्टक काय आणि वरील हिशेब काय, दोन्ही आरंभापुरते आहेत. एकाच वेतांतील दोन पिलांची गरजही सारखी नसते.

वेळांचा नियम सोपा आहे. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यांत दिवसांतून चार वेळां, तीन ते सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां, आणि पुढें दोन वेळां. पोट लहान व गरज मोठी, म्हणून अन्न वांटून द्यावें लागतें. पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्या जातीच्या पिलांस तर लांबचा उपास धोक्याचा असतो. त्यांच्या रक्तांतील साखर उतरते, तीं थरथरूं लागतात, झोकांड्या खातात, निपचित पडतात. अशा वेळीं हिरड्यांस मध किंवा साखरेचें दाट पाणी चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. सर्वसाधारण पिलापुढें भांडें पंधरा-वीस मिनिटें ठेवावें व उरलें तें उचलावें. दिवसभर भांडें भरून ठेवण्याची रीत सोयीची असली, तरी तिनें पिलूं किती खातें हें कळेनासें होतें, आणि त्याची अन्नावरील इच्छा गेली हें आजाराचें पहिलें लक्षण नजरेंतून सुटतें.

तयार खाद्य घ्यावें कीं घरचें अन्न द्यावें, हा वाद पुष्कळ घरांत चालतो. तयार खाद्य घेणें असल्यास तें पिलांसाठीं, म्हणजे वाढीच्या वयासाठीं बनविलेलें आहे ना, हें पाहावें. प्रौढ कुत्र्यांचें खाद्य पिलांस पुरत नाहीं. त्यावर संपूर्ण व संतुलित आहार असा निर्देश असावा. पुढें मोठ्या होणाऱ्या जातींसाठीं, उदाहरणार्थ लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन यांच्या पिलांसाठीं, निराळें खाद्य मिळतें, तेंच घ्यावें. लहान जातींची वाढ नऊ-दहा महिन्यांत पुरी होते, मोठ्यांची वर्ष-दीड वर्षांत, आणि अगदीं थोराड जातींची दोन वर्षांच्या आसपास. तोंपर्यंत पिलाचें खाद्य चालूं ठेवावें.

घरचें अन्न वाईट नव्हे. पण तें अपुरें कोठें पडतें हें समजून घेतलें पाहिजे. वर सांगितलेल्या चार किलोच्या पिलास दिवसभरांत दीडशे ग्रॅम भात, दीडशे ग्रॅम उकडलेली कोंबडी, एक उकडलेलें अंडें, थोडा लाल भोपळा व चमचाभर तेल दिलें, तर सहाशेच्या आसपास उष्मांक होतात आणि प्रथिनेंही भरपूर मिळतात. जेवण दिसण्यांत उत्तम. पण त्यांत कॅल्शियम, म्हणजे हाडांचा चुना, शंभर मिलिग्रॅमही भरत नाहीं. वाढत्या पिलाची गरज त्या उष्मांकांमागें पावणेदोन ते दोन ग्रॅम, म्हणजे सुमारें वीसपट आहे. ही तूट गाईच्या दुधानें भरून काढूं म्हटलें, तर दीड लिटर दूध रोज पाजावें लागेल! नुसत्या मांसाचेंही तसेंच. मांसांत स्फुरद पुष्कळ व चुना अत्यल्प. मग शरीर रक्तांतील चुन्याचें प्रमाण राखण्यासाठीं हाडांतूनच तो काढूं लागतें, आणि खातेंपितें, गुटगुटीत पिलूं एखाद्या उडीनें पाय मोडून घेतें.

हें ऐकून कोणी कॅल्शियमच्या बाटल्या आणूं लागेल, तर तेंही घातक होय. नेदरलंड्समधील युट्रेख्ट विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत ग्रेट डेन पिलांवर जें संशोधन झालें, त्यांत अतिरिक्त कॅल्शियम दिलेल्या पिलांच्या हाडांची व सांध्यांची वाढ बिघडलेली आढळली. कोवळ्या वयांत आंतडीं जेवढा चुना येईल त्यांतला बराचसा शोषून घेतात. नको असलेला परतवून लावण्याची शक्ति त्यांना पुढें येते. यास्तव संतुलित तयार खाद्यावर वरून कॅल्शियमचें औषध देऊं नये. आणि घरचें अन्नच द्यावयाचें असेल, तर त्यांत कोणतें क्षार-मिश्रण किती ग्रॅम घालावें हें पिलाचें वजन दाखवून पशुवैद्याकडून लिहून घ्यावें. कॉड माशाच्या तेलासही हाच नियम लागू. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक विषासमान आहे.

शाकाहारी कुटुंबांस येथें एक शंका येईल. कुत्रा हा लांडग्याच्या कुळांतला; त्यास भात-भाकरी पचते काय? पचते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१३ मध्यें दाखविलें, कीं पिष्ट पचविणाऱ्या रसाचें जनुक लांडग्यांत दोन प्रतींत असतें, तर कुत्र्यांत तें चारपासून तीसपर्यंत प्रतींत आढळतें. माणसाच्या दाराशीं हजारों वर्षें काढल्याचीच ही खूण होय. तेव्हां ज्वारीची भाकरी किंवा भात हें कुत्र्यास परकें अन्न नाहीं. परंतु पिलाच्या अन्नांतील कोरड्या भागाच्या निदान साडेबावीस टक्के प्रथिनें असावीं लागतात, आणि तेवढीं भाकरींत नाहींत. ज्या घरीं मांस चालत नाहीं तेथें अंडीं चालत असल्यास फार सोय होते. तींही चालत नसतील, तर अंदाजानें जेवण न रचतां पिलांच्या वाढीसाठीं संपूर्ण व संतुलित म्हणून बनविलेलें खाद्यच द्यावें.

आतां त्या मागणाऱ्या डोळ्यांविषयीं. जेवणाच्या पंगतीशीं बसून पिलूं ज्या नजरेनें पाहतें, तिच्यापुढें भल्याभल्यांचा निर्धार टिकत नाहीं. पण मागणें म्हणजे भूक नव्हे. केंब्रिज येथील संशोधकांस २०१६ मध्यें असें आढळलें, कीं सुमारें एक-चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांत एका जनुकाचा कांहीं भाग गळालेला असतो व त्यामुळें त्यांचें समाधान लवकर होत नाहीं. अशा पिलाच्या मागण्यावर विसंबून वाढीत गेल्यास काय होईल? याचें उत्तर २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगानें दिलें आहे. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां पंचवीस टक्के कमी अन्न आठव्या आठवड्यापासून जन्मभर देण्यांत आलें. कमी खाणाऱ्यांचें मध्यम आयुष्य तेरा वर्षें भरलें, अधिक खाणाऱ्यांचें अकरा वर्षें व अडीच महिने. शिवाय सांध्यांचे विकार पहिल्यांस पुष्कळ उशीरां जडले. याचा अर्थ पिलास उपाशी मारावें असा नव्हे. जीं पिलें बारीक राहिलीं तीं पुरेसें व संतुलित अन्न खाऊनच बारीक राहिलीं. ज्या गुटगुटीतपणाचें आपण कौतुक करतों त्याची किंमत सुमारें पावणेदोन वर्षांचें आयुष्य आहे, एवढेंच यांतून घ्यावयाचें.

अन्न बरोबर होत आहे कीं नाहीं, हें हातानें पाहतां येतें. पिलाच्या बरगड्यांवरून बोटें फिरवावींत. पातळ कापडाखालीं पेन्सिली ठेवल्याप्रमाणें त्या सहज लागल्या, वरून पाहतांना कंबर दिसली, व बाजूनें पाहतांना पोट मागच्या बाजूस वर उचललेलें दिसलें, तर प्रमाण बरोबर आहे. बरगड्या चाचपडाव्या लागल्या तर अन्न थोडें कमी करावें. त्या टोंचूं लागल्या तर वाढवावें. जातीचा बांधा मात्र लक्षांत घ्यावा. मुधोळच्या, म्हणजे आपल्याकडे कारवान म्हणतात त्या शिकारी कुत्र्याची कंबर मुळांतच बारीक असते. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून त्यास लोणी चारूं नये. दर आठवड्यास एकाच दिवशीं वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावें. वजन वाढतें राहिलें पाहिजे. एक आठवडाभर तें थांबलें किंवा घटलें तर पशुवैद्यास दाखवावें. पोट मोठें व पाठ हडकुळी, असें दिसल्यास बहुधा जंत असतात. कांहीं जंत पिलास आईपासूनच मिळतात. म्हणून जंताचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें लहानपणापासून वेळोवेळीं द्यावेंच लागतें.

मधल्या खाऊचा हिशेबही जेवणांतच धरावा. तो दिवसाच्या उष्मांकांच्या एक-दशांशावर जाऊं नये. साध्या गोड बिस्किटांत वीस-पंचवीस उष्मांक असतात. घरांतील पांच माणसांनीं एक-एक दिलें तरी चार किलोच्या पिलाच्या दिवसाच्या अन्नाचा पांचवा हिस्सा झाला, आणि तो नुसता मैदा-साखरेचा! यासाठीं पिलास कोणी, केव्हां, काय द्यावयाचें हें घरांत ठरलेलें असावें.

कांहीं पदार्थ मात्र थोडेही वर्ज्य आहेत, आणि त्यांतले बरेच आपल्या रोजच्या स्वयंपाकांतले आहेत. कांदा व लसूण, कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. म्हणून रश्श्यांत भिजविलेली भाकरी देऊं नये. द्राक्षें व बेदाणे कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी करतात. प्रसादाच्या शिऱ्यांतले चार बेदाणेही काढूनच टाकावेत. त्यांतील टार्टारिक आम्ल हें त्याचें कारण असावें असें २०२१ पासून मानलें जाऊं लागलें आहे. तें चिंचेंतही भरपूर असल्यामुळें आमटीही नको. चॉकलेट कुत्र्याच्या हृदयास व मज्जासंस्थेस अपाय करतें. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले च्युइंगगम व गोळ्या यांनीं कुत्र्याची रक्तशर्करा एकाएकीं कोसळते. शिजविलेल्या कोंबडीचीं हाडें सुईसारखीं फुटून घशांत किंवा आंतड्यांत रुततात. असें कांहीं पिलाच्या पोटांत गेल्याचें कळतांच, लक्षणांची वाट न पाहतां, काय व किती खाल्लें तें सांगून पशुवैद्याकडे जावें.

पिलास बोलतां येत नाहीं, आणि जें हातून मिळेल त्यावर तें पूर्ण विश्वास टाकतें. दूध-पोळीची बशी ठेवणारा हात प्रेमळच असतो. पण त्या प्रेमानें वजनकांटा, घड्याळ व बरगड्यांवरून फिरणारीं बोटें यांची जोड घेतली, तर पहिल्या वर्षांतल्या थोड्याशा शिस्तीचें फळ पुढें दहा-बारा वर्षें घरांतील सर्वांस मिळत राहतें.